शेगडीतला विषारी वायू आणि अंगदुखीची गोळी

आज एका वायूबद्दल बोलू या. नाव जरा अवघड आहे, कार्बन मोनॉक्साइड. लाकूड, कोळसा, गोवऱ्या कोंदट जागेत अर्धवट जळल्या की तो तयार होतो. धूर डोळ्यांना झोंबतो म्हणून कळतो तरी. याला ना रंग, ना वास. थंडीत शेगडी पेटवून, दारं-खिडक्या लावून झोपलेली माणसं सकाळी उठत नाहीत, ती याच्यामुळेच.

आपल्या रक्तात लोह असतं. श्वासातला ऑक्सिजन या लोहाला धरून अंगभर फिरतो. हा वायू त्याच लोहाला ऑक्सिजनपेक्षा 200 पटींहून घट्ट चिकटतो. मग ऑक्सिजनला जागाच उरत नाही.

धातूला चिकटण्याचा हाच गुण रसायनशास्त्रज्ञांनी कामाला लावला. अंगदुखीवरची इबुप्रोफेनची गोळी तुम्हाला माहीत असेल. ब्रिटनच्या बूट्स कंपनीने हे औषध 1960 च्या दशकात शोधलं. ते बनवायच्या जुन्या पद्धतीत सहा पायऱ्या होत्या आणि कच्च्या मालाचा निम्म्याहून जास्त भाग वाया जायचा. 1992 मध्ये अमेरिकेत, टेक्सासमधल्या बिशप गावी, नव्या पद्धतीचा कारखाना सुरू झाला. तिथे पायऱ्या तीनच. शेवटच्या पायरीला पॅलेडियम नावाचा महागडा धातू लागतो. तो एका हाताने औषधाचा अपुरा रेणू धरतो, दुसऱ्या हाताने कार्बन मोनॉक्साइड, आणि दोघांना जोडून स्वतः मोकळा होतो. बाळंतपण पार पाडून पुढच्या घरी जाणाऱ्या सुईणीसारखा! इबुप्रोफेनच्या रेणूत कार्बनचे 13 अणू असतात; या पद्धतीत त्यातला एक या वायूतून येतो.

मग गोळी विषारी का नाही? कारण जोडला गेल्यावर तो वायू राहतच नाही. मिठातही क्लोरीन असतो, एरवी तो विषारीच, पण मीठ आपण रोज खातो.

कारखान्यात हे काम बंद पोलादी टाक्यांत होतं, गळती ओळखणारी यंत्रं असतात. आपल्या स्वयंपाकघरात यातलं काहीच नसतं. म्हणून चूल किंवा शेगडी पेटलेली असताना डोकं दुखू लागलं, मळमळलं, गरगरलं, त्यातही घरातल्या दोघा-तिघांना एकदमच तसं झालं, तर आधी गोळी शोधू नका. गोळीने दुखणं दबेल, वायू मात्र रक्तात चढतच राहील. दार उघडा आणि सगळ्यांना, लेकराबाळांसकट, मोकळ्या हवेत आणा. कुणी शुद्ध हरपली असेल तर 108 ला फोन लावा, आणि घरात शेगडी पेटली होती हे डॉक्टरांना आवर्जून सांगा.