छंदातून धंदा

मुलांनो, सावंतवाडीच्या चितार आळीत लाकडी फळे व खेळणी मिळतात. लाकडाचा आंबा असा रंगवलेला असतो, की हात आपोआप पुढे जातो! तुम्हांलाही लाकडी गाडी किंवा भोवरा करण्याचा छंद असेल, तर तो माल विकता येईल. पण आधी हिशेब शिका.

समजा, एका गाडीला लाकूड, रंग व पॉलिश पेपर मिळून ४० रुपये लागले आणि दोन तास गेले. पुष्कळ जण ती ५० रुपयांना विकतात आणि दहा रुपये नफा झाला म्हणतात. हा कसला नफा? ती तर दोन तासांची मजुरी, आणि तीही किती थोडी! तासाला ५० रुपये मजुरी धरली, तर गाडी १४० रुपयांना पडते. नफा त्यानंतरचा. एवढे पैसे कोणी देत नसेल, तर दहा गाड्यांची चाके एकदम कापा. वेळ वाचेल, किंमत उतरेल.

लहान मूल खेळणे तोंडात घालते. म्हणून कडा घासून गोल करा, चाक घट्ट बसवा, विषारी रंग वापरू नका. १ जानेवारी २०२१ पासून खेळण्यांवर आयएसआय चिन्ह सक्तीचे आहे. हस्तशिल्प विकास आयुक्तांकडे नोंद असलेल्या कारागिरांना मात्र सूट आहे. दुकानात माल देण्यापूर्वी घरातील मोठ्यांना या नोंदणीची चौकशी करायला सांगा.