वीजबचतीचा खेळ : गुण कशास द्यावेत?

‘वीज वाचवा’ असे फळ्यावर लिहिल्याने वीज वाचत नाही. मुलांना त्यात खेळाची गोडी लागली, तर मात्र घरातील वडील माणसांचाही हात बटणाकडे वळतो. गुण, तारे, वर्गाचे निशाण यांनी ही गोडी लावता येते. परंतु गुण कशास द्यावयाचे, हे शिक्षकाने आधी ठरविले पाहिजे.

मुळशी धरणाचे पाणी सह्याद्रीखाली भिरा येथे नेऊन १९२७ पासून वीज निर्माण केली जात आहे. या धरणाविरुद्ध १९२१ साली झालेल्या सत्याग्रहाशी सेनापती बापटांचे नाव निगडित आहे. विजेसाठी ज्या तालुक्याची शेते पाण्याखाली गेली, तेथील मुलास ‘युनिट’ म्हणजे काय हे सांगता येऊ नये, हे बरे दिसत नाही. १००० वॅटचे उपकरण एक तास चालले की एक युनिट होते. ६० वॅटचा जुना दिवा रोज ५ तास जळाल्यास ३० दिवसांत ९ युनिटे लागतात. ९ वॅटच्या एलईडी दिव्यास १.३५. दशांश अपूर्णांकांस याहून चांगले उदाहरण शोधावयास नको.

अमेरिकेत सॅन मार्कोस येथे केलेला एक प्रयोग २००७ साली प्रसिद्ध झाला. तेथे घरोघरी शेजाऱ्यांच्या सरासरी वीजवापराचा आकडा कळविण्यात आला. अधिक वापरणाऱ्यांनी वापर कमी केला; कमी वापरणाऱ्यांनी मात्र वाढविला! त्यांच्या पत्रकावर हसरा चेहरा काढताच ही वाढ थांबली. यास्तव वर्गात सरासरी लावू नये. पिरंगुटच्या घरात फ्रीज व मिक्सर, धनगरवाड्यावरील घरात दोन दिवे. त्यांची तुलना हा अन्याय होय. प्रत्येक घराची तुलना त्याच्याच मागील आठवड्याशी करावी, आणि दोन दिव्यांच्या घरातील मुलास मीटरचा आकडा बिनचूक टिपल्याबद्दल पूर्ण गुण द्यावेत. ज्याच्या घरी मीटर नाही, त्याच्याकडे शाळेच्या मीटरची वही सोपवावी. विजेची बिले शाळेत मागवू नयेत. कोणाचे बिल थकले आहे, हे वर्गास कळण्याचे कारण नाही.

आजीच्या वाटेवरचा दिवा मालवून गुण मागणारे मूल भेटेलच. अभ्यासाचा, गोठ्याचा व वृद्धांच्या वाटेवरचा दिवा बचतीत धरू नये. मीटर केवळ डोळ्यांनी वाचावा. पेटीस हात लावणारा खेळातून बाद. वीज गेलेला आठवडा हिशेबातून गाळावा.

बक्षीस मोठे नसावे. लेपर, ग्रीन व निस्बेट यांनी १९७३ साली चित्रे आवडीने काढणाऱ्या बालकांना प्रशस्तिपत्राचे आमिष दाखविले. पुढे ती बालके आपण होऊन चित्रे कमी काढू लागली. म्हणून बक्षीस साऱ्या वर्गास मिळून असावे आणि खेळ चार आठवड्यांचाच ठेवावा. दिवाळीच्या सुटीनंतर आरंभ करून १४ डिसेंबरच्या राष्ट्रीय ऊर्जा संवर्धन दिनी तो संपवावा. थंडीत पंखे आपोआपच थांबतात, तेव्हा घटीचे सारे श्रेय खेळास देऊ नये. त्यानंतर गुण बंद करून शाळेची वही मात्र मार्चअखेर चालू ठेवावी, आणि पंखे पुन्हा फिरू लागल्यावर आकडे कोठे जातात ते मुलांनाच पाहू द्यावे.