दौंडहून पुढे : रेल्वेने बारामती आणि इंदापूर

बारामती आणि इंदापूर हे पुणे जिल्ह्याच्या आग्नेय टोकाचे शेजारी तालुके. पुण्याहून दोन्हीकडे जाणारी रेल्वे दौंडपर्यंत एकच असते. दौंडला दोन वाटा होतात. एक शाखा दक्षिणेला वळून बारामतीला संपते, तर सोलापूरची मुख्य लाइन भीमेच्या काठाकाठाने भिगवणवरून पुढे जाते. भिगवण इंदापूर तालुक्यात येते. इंदापूर शहराला मात्र स्वतःचे स्टेशन नाही.

दौंड–बारामती हा सुमारे 44 किलोमीटरचा मार्ग 1914 मध्ये नॅरोगेज म्हणून सुरू झाला. त्याआधी, एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात, नीरा डावा कालवा या भागात आला होता. पाटाच्या पाण्यावर ऊस वाढला, उसाबरोबर गुऱ्हाळे वाढली, आणि हा माल बाहेर पाठवायला रेल्वे उपयोगी पडली. मुख्य लाइन ब्रॉडगेज असल्यामुळे दौंडला माल एका वाघिणीतून दुसरीत चढवावा लागे. पुढे ही शाखाही ब्रॉडगेज झाली आणि पुण्याहून थेट गाडी येऊ लागली.

या मार्गावर मळद, शिरसाई आणि कटफळ ही छोटी स्टेशने आहेत. शिरसाई हे नाव शिर्सुफळच्या देवीवरून आले. मळदच्या पुढे जिरायत माळ आणि बागायत आलटून पालटून दिसतात, आणि कटफळपासून शहराची चाहूल लागते. इथून बारामतीची वाढ उलट्या क्रमाने पाहायला मिळते : आधी कारखाने, मग बाजारपेठ, शेवटी जुने गाव.

कटफळच्या बाजूला एमआयडीसी पसरलेली आहे. दुग्धप्रक्रिया, वाहननिर्मिती आणि कापड या उद्योगांनी इथे रोजगार उभा केला. हायटेक टेक्स्टाइल पार्कमध्ये शिवणकाम करणाऱ्यांत आसपासच्या गावांतल्या स्त्रिया मोठ्या संख्येने आहेत. भिगवण रस्त्यावर 1972 मध्ये स्थापन झालेल्या विद्या प्रतिष्ठानचा परिसर आहे. विद्यार्थ्यांमुळे या रस्त्यावर खाणावळी, झेरॉक्सची दुकाने आणि भाड्याच्या खोल्या वाढल्या.

बारामती स्टेशनवर रूळ संपतात. तिथून पायी किंवा रिक्षाने भिगवण चौक, पुढे गुणवडी चौक आणि सिनेमा रोड असे जाता येते. कापड, भांडी, सोने-चांदी, बी-बियाणे आणि खते यांची दुकाने या भागात दाटलेली आहेत. मारवाड पेठेच्या नावातच व्यापारासाठी येऊन स्थायिक झालेल्यांची आठवण आहे. भाजीपाल्यासाठी गणेश मंडई, तर खेड्यापाड्यांतल्या लोकांसाठी गुरुवारचा आठवडे बाजार. बाजार समितीच्या आवारात गुळाचे सौदे होतात. ढेपांच्या रांगा लागतात, व्यापारी ढेपेचा रंग, कणी आणि टणकपणा पाहतात, अडत्यासमोर बोली चढत जाते, आणि सौदा तुटला की हमाल काटा करायला पुढे होतात. पिवळाधमक, कडक गूळ वरचा भाव घेतो. काळसर, नरम गूळ मागे पडतो.

बाजारपेठ ओलांडून कऱ्हा नदीकडे गेले की कसबा लागतो. पेशवाईतले सावकार बाबूजी नाईक यांचा वाडा नदीकाठी आहे. त्यांच्याच आश्रयाने कवी मोरोपंत (1729–1794) बारामतीत राहिले आणि त्यांची बरीचशी रचना इथेच झाली. सिद्धेश्वर आणि काशीविश्वेश्वर ही जुनी मंदिरेही याच भागात आहेत.

इंदापूरच्या बाजूची रेल्वे बारामती शाखेहून जुनी. ग्रेट इंडियन पेनिन्शुला रेल्वे 1858 मध्येच पुण्याहून डिकसळपर्यंत पोहोचली होती. पुढे भीमेवरचे उजनी धरण 1980 मध्ये पूर्ण झाले. जलाशयासाठी या भागातली लाइन हलवावी लागली आणि भीमेवरचा जुना रेल्वेपूल रस्त्याच्या वाहतुकीसाठी वापरात आला. नदीकाठची अनेक गावे उठून वर बसली. उन्हाळ्यात पाणी खोल गेले की जुन्या पळसदेव गावाचे मंदिर उघडे पडते.

धरणाने शेतजमिनी घेतल्या, पण मासेमारीचा नवा धंदाही उभा राहिला. भिगवणच्या मासळी बाजारात चिलापी सर्वांत जास्त. कटला, रोहू, मरळ आणि वामही येतात. मासळी जातीप्रमाणे आणि आकाराप्रमाणे वेगळी करून लिलावाला लावतात. महामार्गावरच्या हॉटेलांतली मच्छी थाळी याच बाजारावर चालते. हिवाळ्यात कुंभारगाव आणि डिकसळच्या उथळ पाण्यात रोहित पक्षी उतरतात, तेव्हा मच्छीमारच पर्यटकांना होडीतून नेतात.

भिगवणहून इंदापूर सुमारे 35 किलोमीटर, सोलापूर महामार्गाने एसटीचा प्रवास. शहरात मालोजीराजे भोसले यांची गढी आणि चाँदशावली बाबांचा दर्गा आहे. बाजार समितीत डाळिंब आणि उजनीची मासळी यांची मोठी उलाढाल होते.

शेवटचे स्टेशन हे बारामतीचे स्थान पुढे बदलणार आहे. लोणंद–फलटण मार्गावर 2019 मध्ये प्रवासी गाडी सुरू झाली, आणि फलटण–बारामती जोडणी झाली की ही शाखा पुणे–मिरज मार्गाला मिळेल. मग सातारा, सांगली, कोल्हापूरकडच्या प्रवाशांना आणि मालाला पुण्याचा वळसा न घालता दौंड गाठता येईल, आणि बारामतीची बाजारपेठ दोन्ही बाजूंनी खुली होईल.