घरासाठी, शेतासाठी कॅमेरा घेताय? मेगापिक्सेलच्या आधी वीज अन् रेंज बघा!

विहिरीवरची केबल रात्रीत कापून नेली, गोठ्यातली शेळी गेली, दारातली मोटारसायकल गेली, की घरात एकच विषय निघतो – आता कॅमेरा बसवू. मग मोबाईलवर ऑफर बघून स्वस्तातला कॅमेरा मागवला जातो. खरी वेळ येते तेव्हा मात्र लाईट गेलेली असते, नाहीतर मेमरी कार्डच टाकलेलं नसतं. पैसे वाया घालवायचे नसतील तर किमतीआधी तीन गोष्टी ठरवा: जागेवर वीज किती तास असते, इंटरनेट कुठून येणार आणि रेकॉर्डिंग कुठे साठणार.

१,५०० ते ३,००० रुपये: वाय-फाय कॅमेरा
घरात वाय-फाय असेल तर ओटा, अंगण, घराला लागून असलेला गोठा यासाठी हा पुरेसा. मेमरी कार्ड बहुतेक वेळा वेगळं घ्यावं लागतं. ६४ जीबीच्या कार्डात सलग रेकॉर्डिंग साधारण पाच-सहा दिवसांचं मावतं, मग जुनं पुसून नवं चढतं. नेट गेलं तरी कार्डवर रेकॉर्डिंग चालू राहतं, पण लाईट गेली की सगळंच बंद. म्हणून कॅमेरा आणि राउटर दोन्ही इन्व्हर्टरवर घ्यावेत. एक धोका लक्षात ठेवा: चोराने कॅमेराच उपटून नेला तर कार्डही त्याच्याबरोबर जातं. त्यामुळे तो सहज हाताला लागेल असा लावू नये.

५,००० ते ९,००० रुपये: सिमकार्डवाला सोलर कॅमेरा
शेतात थ्री-फेज लाईट ठरावीक तासच असते, वाय-फाय तर नसतंच. विहीर, मोटार, कांदाचाळ यासाठी हा कॅमेरा उपयोगी. घेण्याआधी त्याच जागी उभं राहून मोबाईलवर व्हिडिओ चालवून बघा. ज्या कंपनीची रेंज तिथे चांगली, त्याच कंपनीचं सिम घ्या. रिचार्जचा खर्चही धरा. तासभर थेट बघितलं तर ४०० ते ५०० एमबी डेटा जाऊ शकतो. बॅटरी वाचवण्यासाठी असे बहुतेक कॅमेरे हालचाल झाली तरच रेकॉर्डिंग करतात, चोवीस तास नाही.

१५,००० ते २२,००० रुपये: चार कॅमेऱ्यांचा डीव्हीआर संच
मोठं घर, दुकान, पोल्ट्री यासाठी हा भरवशाचा. रेकॉर्डिंगला इंटरनेट लागत नाही. दोन मेगापिक्सेलचे चार कॅमेरे असतील तर एक टीबीच्या हार्ड डिस्कमध्ये साधारण तीन आठवड्यांचं रेकॉर्डिंग राहतं. दर ठरवताना हार्ड डिस्क, वायर आणि फिटिंग धरून सांगितलाय का, हे विचारून घ्या. डीव्हीआर टीव्हीशेजारी उघड्यावर न ठेवता आतल्या खोलीत, पण हवा लागेल असा ठेवावा.

हे विसरू नका
- सीसीटीव्ही कॅमेऱ्यांसाठी सुरक्षा चाचणीचा नियम केंद्र सरकारने ९ एप्रिल २०२५ पासून लागू केला आहे. खोक्यावरचा बीआयएसचा नोंदणी क्रमांक ‘बीआयएस केअर’ ॲपवर तपासता येतो.
- कंपनीचा आधीचा पासवर्ड लगेच बदला. फिटिंगवाल्याच्या मोबाईलवर ॲप चालू राहिलं तर तुमचं घर त्यालाही दिसतं.
- शेजाऱ्याचं दार, न्हाणीघर कॅमेऱ्यात येऊ देऊ नका. भांडण तर होईलच, प्रकरण पोलिसांतही जाऊ शकतं.
- तारीख-वेळ बरोबर लावा. चोरी झाली तर मूळ कार्ड किंवा हार्ड डिस्क पुसू नका. फुटेज कोर्टात पुरावा म्हणून देताना भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ नुसार प्रमाणपत्र लागतं.

पैसे देण्याआधी एक चाचणी
रुंद दिसणाऱ्या लेन्समध्ये अख्खं अंगण येतं, पण पंधरा-वीस फुटांपलीकडचा चेहरा ओळखणं अवघड जातं. म्हणून कॅमेरा फार उंच न लावता आठ-नऊ फुटांवर, येण्या-जाण्याच्या वाटेकडे तोंड करून लावावा. पहिल्याच रात्री बाहेरचा दिवा बंद करून घरातल्याच कुणाला तरी त्या वाटेने चालायला लावा आणि रेकॉर्डिंग बघा. आपलाच माणूस ओळखू येत नसेल, तर चोर कसा ओळखू येणार? फिटिंगवाला गावात आहे तोवरच जागा बदलून घ्या.