आयर्लंडचे २६ टक्के

१२ जुलै २०१६ रोजी आयर्लंडच्या केंद्रीय सांख्यिकी कार्यालयाने आदल्या वर्षाचे आकडे जाहीर केले. २०१५ साली देशाचे सकल देशांतर्गत उत्पन्न, ज्याला आता आपण सगळेच जीडीपी म्हणतो, २६.३ टक्क्यांनी वाढले, असे त्यात म्हटले होते. त्याआधीचा अंदाज ७.८ टक्क्यांचा होता. १९८० नंतरच्या ऐन भरभराटीतही चीनला वर्षाला पंधरा टक्क्यांच्या फारसे पुढे जाता आले नाही. आणि इथे सुमारे पन्नास लाख वस्तीचा एक युरोपीय देश एका वर्षात सव्वापट झाला होता!

गंमत अशी की, देशात राहणाऱ्या कुणालाच याचा पत्ता नव्हता. रोजगार तीन टक्क्यांच्या आतच वाढला होता. बेकारी कमी होत असली, तरी अजून नऊ टक्क्यांच्या आसपास होती. पगार जिथल्या तिथे होते. पॉल क्रुगमन या नोबेलविजेत्या अर्थशास्त्रज्ञाने या आकड्याला ‘लेप्रेकॉन अर्थशास्त्र’ असे नाव दिले. लेप्रेकॉन म्हणजे आयरिश लोककथांमधला बुटका, दाढीवाला यक्ष. इंद्रधनुष्याच्या टोकाशी तो सोन्याचा हंडा पुरून ठेवतो आणि माणूस जवळ गेला की हंडा नाहीसा होतो, अशी समजूत. आयरिश माणसांना हे नाव फारसे रुचले नाही, पण ते चिकटले ते चिकटलेच.

सांख्यिकी कार्यालयाने चूक केली होती का? नाही. त्यांनी संयुक्त राष्ट्रांच्या आणि युरोपीय संघाच्या नियमपुस्तकाप्रमाणे बरोबर हिशेब केला होता. मला या प्रकरणात रस वाटतो तो याचसाठी. नियम पाळून, प्रामाणिकपणे केलेली बेरीज माणसांच्या जगण्यापासून इतकी लांब कशी जाते?

हे समजून घ्यायला आपल्याला कोकणातून जायला हवे. आणि ते ओढूनताणून आणलेले नाही. जून २०१७ मध्ये आयर्लंडचे पंतप्रधान झालेले लिओ वराडकर यांचे वडील मूळचे मालवण तालुक्यातल्या वराड गावचे. पंतप्रधान असताना, २०१९ च्या डिसेंबरमध्ये, ते त्या गावी येऊनही गेले. तर या वराडसारख्या गावांची अर्थव्यवस्था पिढ्यान्‌पिढ्या कशावर चालली? मनीऑर्डरवर. मुंबईच्या गिरणीत राबणारा चाकरमानी दर महिन्याला गावी पैसे धाडी. ते पैसे गावात निर्माण झालेले नसत, पण गावातल्या चुलीपर्यंत येत. गावाच्या सीमेच्या आत काय पिकले एवढेच मोजले, तर गाव फार गरीब दिसे. गावच्या माणसांच्या हाती काय आले ते मोजले, तर जरा बरे दिसे.

जीडीपी हे पहिल्या प्रकारचे मोजमाप आहे. सीमेच्या आत जे उत्पन्न झाले ते सगळे त्यात येते, मग त्याचा मालक कुणी का असेना. दुसरे मोजमाप म्हणजे सकल राष्ट्रीय उत्पन्न. त्यात बाहेरच्या मालकांचा नफा वजा होतो आणि आपल्या माणसांनी बाहेर कमावलेले मिळवले जाते. (हिशेबनीसांच्या काटेकोर व्याख्येत मनीऑर्डर आणखी वेगळ्या रकान्यात जाते, पण कल्पना तीच.) बहुतेक मोठ्या देशांत या दोन आकड्यांत फारसा फरक नसतो. भारतात तर तो नगण्य आहे. आयर्लंड मात्र उलट्या मनीऑर्डरचा देश आहे. पैसा तिथे ‘पिकतो’ आणि बाहेर जातो.

२०१५ साली नेमके काय झाले? समजा, एखाद्या बड्या कंपनीने आपल्या सगळ्या पेटंटांचा आणि सॉफ्टवेअरच्या हक्कांचा सातबारा एका रात्रीत वराडच्या नावावर केला. गावात एक वीटही हलली नाही. पण त्या हक्कांवर जगभर होणारी कमाई त्या दिवसापासून वराडची कमाई म्हणून लिहिली जाऊ लागली. आयर्लंडमध्ये हेच घडले. त्या एका वर्षात देशाच्या भांडवली साठ्यात सुमारे ३०० अब्ज युरोंची भर पडली. त्यातला मोठा भाग अशा अदृश्य मालमत्तेचा होता. कायद्याने सांख्यिकी कार्यालयाला कंपन्यांची नावे सांगता येत नाहीत. पुढे अभ्यासकांनी ताळेबंद ताडून पाहिले आणि यातला सिंहाचा वाटा अ‍ॅपलचा होता, हे आता सर्वमान्य आहे.

हक्क आले तसा व्यापारही आला. आयर्लंडमधली कंपनी चीनमधल्या कारखान्याला कंत्राट देते, माल तिथे तयार होतो, तिथूनच तिसऱ्या देशात विकला जातो. तो माल आयर्लंडच्या बंदराला शिवतही नाही. पण मालकी आयरिश कंपनीची, म्हणून निर्यात आयर्लंडची. २०१५ साली देशाची निर्यात एक तृतीयांशाने वाढलेली दिसली, ती मुख्यतः अशी. बंदरावरच्या कामगाराला विचारले असते, तर त्याने एकही जादा कंटेनर पाहिला नव्हता.

मग कुणी म्हणेल, जीडीपी सोडा आणि राष्ट्रीय उत्पन्न पाहा, म्हणजे झाले. पण तेही २०१५ साली १८ टक्क्यांहून अधिक वाढलेले दिसले! याचे कारण घसारा. यंत्र झिजते, म्हणून कंपनी दरवर्षी घसारा लावते आणि तेवढी रक्कम नफ्यातून बाजूला काढते. पेटंटलाही घसारा लागतो. ‘सकल’ या शब्दाचा अर्थच असा की, घसारा वजा केलेला नाही. परदेशी मालकाचा नफा वजा होतो, पण त्याच्या पेटंटांचा घसारा देशाच्या उत्पन्नात तसाच बसून राहतो. विमानांचेही तेच. जगात भाड्याने दिलेल्या विमानांपैकी निम्म्याहून अधिक विमानांचा कारभार आयर्लंडमधून चालतो. भारतीय विमानकंपन्यांची कितीतरी विमाने डब्लिनच्या भाडेकंपन्यांची आहेत. विमान उडते नागपूर-पुणे, झिजते इथल्या धावपट्टीवर, आणि घसारा मात्र आयर्लंडच्या राष्ट्रीय उत्पन्नात!

हे सगळे ऐकून हसू येते, पण आयर्लंडच्या अर्थखात्याला हसण्याची चैन परवडणारी नव्हती. युरोपीय संघाला द्यायची वर्गणी राष्ट्रीय उत्पन्नाच्या प्रमाणात ठरते. ती वाढली. दुसरी अडचण जास्त फसवी होती. २०१२ साली देशाचे सरकारी कर्ज जीडीपीच्या सुमारे १२० टक्के होते. २०१५ अखेर ते ७७ टक्क्यांच्या आसपास आले. कर्ज फिटले म्हणून नव्हे. ते २०० अब्ज युरोंच्या घरात जवळपास तसेच होते. छेद फुगला, म्हणून अपूर्णांक लहान झाला.

हे कर्ज आले कुठून, हे थोडक्यात सांगायला हवे. २००८ पूर्वी आयर्लंडमध्ये घरबांधणीची धूम होती. बँका हात सैल सोडून कर्जे देत होत्या. सप्टेंबर २००८ च्या अखेरीस त्या बुडण्याच्या बेताला आल्या, तेव्हा सरकारने एका रात्रीत त्यांच्या देण्यांची हमी घेतली. पुढे बँका सावरायला सुमारे ६४ अब्ज युरो लागले. २०१० सालची वित्तीय तूट जीडीपीच्या तीस टक्क्यांच्या वर गेली. आपल्याकडे चार-पाच टक्के तूट म्हटली की चर्चा झडतात, त्यावरून कल्पना करा. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये युरोपीय संघ आणि आंतरराष्ट्रीय नाणेनिधीपुढे हात पसरावा लागला. २०१२ मध्ये बेकारी १५ टक्क्यांवर पोहोचली. बांधकामातले अडीच लाखांहून अधिक रोजगार लाखाच्या आसपास आले, आणि तरुण मंडळी पुन्हा ऑस्ट्रेलिया-कॅनडाच्या वाटेला लागली. अशा देशाला आपल्यावर नेमका किती बोजा आहे, हे कळणे ही जिवाची गरज असते.

म्हणून आयर्लंडने एक शहाणपणाचे काम केले, आणि मला ते फार मोलाचे वाटते. मध्यवर्ती बँकेचे तेव्हाचे गव्हर्नर फिलिप लेन यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली आणि देशाने स्वतःसाठी नवे मोजमाप तयार केले. आंतरराष्ट्रीय नियमांचा जीडीपी काढायचा तो काढायचाच. पण त्याच्या शेजारी आणखी एक आकडा द्यायचा. पेटंटांचा घसारा, भाड्याच्या विमानांचा घसारा, आणि फक्त मुख्यालयाची पाटी आयर्लंडला हलवलेल्या कंपन्यांचा नफा वगळून उरेल ते उत्पन्न. नावही साधेच. राष्ट्रीय उत्पन्नाच्या संक्षेपापुढे एक तारका. हा तारांकित आकडा जुलै २०१७ मध्ये प्रथम प्रसिद्ध झाला, वराडकर पंतप्रधान झाले त्याच्या पुढच्याच महिन्यात. २०१६ साठी जीडीपी होता सुमारे २७५ अब्ज युरो, तारांकित उत्पन्न १८९ अब्ज. चांगला दिसणारा आकडा हाती असताना सरकारने होऊन जवळपास तिसरा हिस्सा कमी दाखवणारा आकडा छापणे, हे रोज घडत नाही.

पुढे याची उलटी बाजूही दिसली. २०२३ साली औषधनिर्मिती आणि कंत्राटी उत्पादन मंदावले आणि जीडीपी चक्क घटला. पाठ्यपुस्तकाप्रमाणे ही मंदी. प्रत्यक्षात त्याच वर्षी काम करणाऱ्यांची संख्या २७ लाखांपर्यंत पोहोचली, तोवरचा उच्चांक. बेकारी साडेचार टक्क्यांच्या आत होती आणि तारांकित उत्पन्न वाढलेले होते. २०२५ च्या पहिल्या तिमाहीत पुन्हा उलट. अमेरिका आयात कर लादणार या धास्तीने औषधे घाईघाईने तिकडे पाठवली गेली आणि जीडीपीने उसळी मारली. मला कुणी विचारले की आयर्लंडचे बरे चालले आहे की नाही हे कशावरून पाहावे, तर मी आधी रोजगाराचा तक्ता पाहायला सांगेन. पेटंट एका रात्रीत हलते. सकाळी उठून कामाला जाणारा माणूस कागदावर हलवता येत नाही.

पण ‘म्हणजे सगळे खोटेच’ असा निष्कर्ष काढू नये. कॉर्कजवळ रिंगास्किडीला फायझरचा कारखाना आहे, वेस्टपोर्ट या लहानशा गावात जगभरचे बोटॉक्स बनते. परकीय कंपन्यांच्या नोकऱ्या तीन लाखांच्या वर आहेत. आणि कागदी म्हणून ज्याला आपण हसलो, त्या नफ्यावरचा कर अगदी खरा आहे. कंपनी कराचे उत्पन्न २०१४ साली ४.६ अब्ज युरो होते. पुढच्याच वर्षी ते ६.९ अब्ज झाले, आणि २०२३ मध्ये २३.८ अब्ज. एकूण करमहसुलाच्या चौथ्या हिश्शाहून जास्त. हा पैसा तिजोरीत येतो, त्यातून शिक्षकांचे पगार होतात. युरोपातले बहुतेक देश तुटीत असताना आयर्लंडचा अर्थसंकल्प शिलकीत असतो, तो यामुळे.

खरी काळजी इथेच आहे. या कराचा निम्म्याहून अधिक भाग फक्त दहा कंपन्या भरतात. अर्थखाते स्वतःच हिशेब मांडते की, यातला जवळजवळ निम्मा पैसा देशातल्या कुठल्याच व्यवहाराशी जोडता येत नाही. तो घबाड आहे. अमेरिकेच्या संसदेने कराचा एखादा नियम बदलला किंवा एका कंपनीने सातबारा दुसरीकडे फिरवला, की आटला. आयर्लंडने हे एकदा भोगले आहे. २००७ पर्यंत घरांच्या खरेदी-विक्रीवरचे मुद्रांक शुल्क असेच वाहत होते. त्या भरवशावर खर्च वाढवले, आयकर हलका केला. मग बाजार बसला आणि एकूण करमहसूल तीन वर्षांत ४७ अब्ज युरोंवरून ३२ अब्जांवर आला.

कंपन्यांना न दुखावण्याची सवय किती मुरली आहे, हे अ‍ॅपलच्या खटल्यात दिसले. युरोपीय आयोगाने २०१६ मध्ये निकाल दिला की, अ‍ॅपलने आयर्लंडला १३ अब्ज युरो कर कमी भरला, तो वसूल करा. आयर्लंडचे सरकार अ‍ॅपलच्या बाजूने न्यायालयात गेले! ‘आम्हाला हा पैसा नको’ असे म्हणत देश आठ वर्षे भांडला. सप्टेंबर २०२४ मध्ये युरोपच्या सर्वोच्च न्यायालयात तो हरला आणि व्याजासकट सुमारे १४ अब्ज युरो पदरात पडले.

पैसा आहे, पण घरे नाहीत. २००८ नंतर कोलमडलेला बांधकाम उद्योग पुरता उभा राहिलेला नाही. डब्लिनमधली भाडी तरुणांच्या आवाक्याबाहेर गेली आहेत. सरकारी तात्पुरत्या निवाऱ्यात राहणाऱ्यांची संख्या २०२४ अखेर १५ हजारांच्या पुढे गेली. दरडोई जीडीपी युरोपीय संघाच्या सरासरीच्या सुमारे दुप्पट, आणि दरडोई प्रत्यक्ष उपभोग सरासरीच्या आसपासच.

घबाडाचा काही भाग तरी बाजूला राहावा म्हणून २०२४ साली ‘फ्युचर आयर्लंड फंड’ नावाचा निधी कायद्याने उभा केला. पुढे वृद्धांची संख्या वाढेल, निवृत्तिवेतनाचा भार येईल, तेव्हा तो उपयोगी पडावा असा हेतू. आता आयरिश अंदाजपत्रकाच्या कागदांत कर्जाचे प्रमाण दोन रकान्यांत छापतात. २०२३ साठी एका रकान्यात ते सुमारे ४३ टक्के आहे, तारकेच्या रकान्यात ७६ टक्के. कर्ज तेच. आणि त्या नव्या निधीत दरवर्षी किती रक्कम टाकायची, हे कायद्याने ठरवले आहे ०.८ टक्के. जीडीपीच्या!