नोंदीला क्रमांक द्यावा कसा?

शिक्षक बंधुभगिनींना शाळेचे जनरल रजिस्टर काही नवे नाही. मूल शाळेत आले की त्याचे नाव पुढच्या ओळीत चढते आणि त्याला क्रमांक मिळतो. वही एक, लिहिणारा हात एक, तोवर १, २, ३ हा क्रम बिनतक्रार चालतो. पण समजा, दोन शाळांची रजिस्टरे एकत्र करायची वेळ आली तर? २४५ नंबरची दोन मुले निघतात. एकाच्या दाखल्यावर दुसऱ्याची जन्मतारीख चढायला मग कितीसा वेळ लागणार!

संगणकातही अशाच नोंदवह्या असतात. त्यांना डेटाबेस म्हणतात. फरक एवढाच, की तेथे लिहिणारे हात शेकडो असतात आणि ते एकाच क्षणी लिहीत असतात. प्रत्येकाने "पुढचा नंबर कोणता?" असे मुख्य ठिकाणी विचारायचे ठरवले तर रांग लागेल, आणि नेटवर्क गेले की काम ठप्प होईल.

यावर एक तोड निघाली. प्रत्येक यंत्राने, कुणालाही न विचारता, चिठ्ठी उचलावी तसा एक भला मोठा क्रमांक काढायचा. याला यूयूआयडी म्हणतात. तो १२८ बिटांचा, म्हणजे शून्य किंवा एक लिहिण्याच्या १२८ घरांचा असतो. त्याच्या चौथ्या प्रकारात १२२ घरे निव्वळ दैवावर सोडलेली असतात. तोच क्रमांक पुन्हा निघण्याची भीती जवळजवळ नाहीच. मग अडले कोठे?

अडले ते मांडणीत. नोंद चटकन सापडावी म्हणून डेटाबेस क्रमांकांची सूची शब्दकोशासारखी क्रमाने लावून ठेवतो. चढता क्रमांक आला तर तो शेवटच्या पानावर बसतो. चिठ्ठीचा क्रमांक मात्र कोठल्याही पानात घुसतो. ते पान भरलेले असले तर त्याची दोन पाने करावी लागतात. नोंदी कोटींच्या घरात गेल्या की ही उलथापालथ जड जाते.

आता जरा तारखांकडे पाहा. ०५-०१-२०२४ आणि ०२-०३-२०२४ या तारखा नुसत्या आकड्यांप्रमाणे लावल्या, तर मार्च जानेवारीच्या आधी येतो. पण वर्ष आधी, मग महिना, मग दिवस असे लिहा: २०२४०१०५, २०२४०३०२. क्रम आपोआप बरोबर! हीच युक्ती येथे कामी आली. क्रमांकाच्या आरंभी काळ घालायचा, आणि मागे चिठ्ठी.

२०१० साली त्या वेळच्या ट्विटर कंपनीने 'स्नोफ्लेक' नावाची पद्धत जाहीर केली. ६४ बिटांपैकी ४१ काळाला, १० यंत्राच्या नंबराला आणि १२ त्या क्षणातल्या अनुक्रमाला. मे २०२४ मध्ये यूयूआयडीचा सातवा प्रकार प्रमाण ठरला. त्यात पहिली ४८ घरे १ जानेवारी १९७० पासून लोटलेले मिलिसेकंद सांगतात. मिलिसेकंद म्हणजे सेकंदाचा हजारावा भाग. पुढे ६ घरे प्रकाराच्या खुणेची, आणि उरलेली ७४ सामान्यतः चिठ्ठीची. यंत्राला नंबर द्यायचीही गरज नाही.

मात्र दोन गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. एक, दोन यंत्रांची घड्याळे मागेपुढे असली तर क्रमही थोडा मागेपुढे होणार. म्हणून नोंदीची खरी तारीख वेगळ्या रकान्यात लिहावीच. दुसरी, असा क्रमांक पाहून नोंद केव्हा झाली हे कोणालाही काढता येते. रुग्णाच्या कागदावरचा क्रमांक त्याच्या येण्याची वेळ बोलून दाखवील, हे बरे नव्हे. तेथे बाहेर दाखवायला निव्वळ चिठ्ठीचाच क्रमांक द्यावा.

थोडक्यात काय, वही एकच असेल तर साधा अनुक्रम पुरे. अनेक ठिकाणी नोंदी होऊन पुढे एकत्र यायच्या असतील तर काळ पुढे असलेला क्रमांक घ्यावा. आणि जेथे वेळ झाकायची तेथे निव्वळ चिठ्ठी.

वर्गात हे करून पाहण्यासारखे आहे. मुलांचे दोन गट करा. प्रत्येकाने कागदावर घड्याळातली वेळ तास, मिनिट, सेकंद अशी लिहावी आणि तिच्यापुढे एका चिठ्ठीचा आकडा जोडावा. मग सगळे कागद एकत्र करून आकड्यांप्रमाणे लावा. कोणी कोणाला न विचारताही क्रम कसा लागतो, हे मुलेच तुम्हांला सांगतील.