भाडेकरू येण्याआधीचे आठ दिवस

कर्वेनगरातला आमचा फ्लॅट रिकामा झाला की माझं पहिलं काम नहाणीत असतं. जाळी काढून तोंडाशी कापडाचा बोळा घट्ट बसवायचा, फरशीवर दोन बोटं पाणी भरायचं आणि दार ओढून घ्यायचं. दुसऱ्या दिवशी त्याच सुमाराला खालच्या मजल्यावरच्या काकांकडे जाऊन त्यांच्या नहाणीचं छत बघायचं. छत कोरडं असेल तर ठीक. ओलीची नुसती कड जरी दिसली, तरी रंगारी आणि ब्रोकर दोघांना थांबायला सांगून मी प्लंबरला बोलावते. घर रिकामं असताना फरशीच्या सांध्यांत ग्राउट भरणं एका दिवसाचं काम आहे. माणसं राहायला आल्यावर तेच काढलं, तर अंघोळीला त्यांना शेजारी पाठवावं लागतं आणि तोवर खालच्यांच्या छताचा रंगही गेलेला असतो.

बरीच वर्षं हे घर भाड्याने देताना माझं एक मत पक्कं झालं आहे. घरमालकाचं खरं काम दोन भाडेकरूंच्या मधल्या आठवड्यात असतं. वर्षभर होणारी बहुतेक भांडणं त्या आठवड्यात टाळता येतात.

नहाणीनंतर नळ. प्रत्येक नळ पूर्ण सोडून, मग बंद करून खाली कोरडा कागद ठेवायचा. थेंब पडला तर कागद सांगतो. फ्लशची टाकी भरल्यावर पाणी वाहत राहतं का, हे कान लावून ऐकायचं. मोबाइलचा चार्जर घेऊन घरभर फिरायचं आणि एकूणएक प्लग तपासायचा. खिडक्यांच्या स्लायडिंगची चाकं, बाल्कनीच्या दाराची कडी, गॅसची नळी. हे झालं की पूर्ण घराचा सलग व्हिडिओ काढते आणि भाडेकरूला पाठवते. पंखे किती, दिवे किती, कपाटाच्या चाव्या किती, भिंतीवर आधीचा ओरखडा कुठे, याची यादी दोघांच्या सह्यांनी करतो. वीजमीटरचं रीडिंग आकडे स्पष्ट दिसतील असं फोटोत घेते, कारण महावितरणचं बिल माझ्याच नावावर येतं.

कराराची संध्याकाळ मात्र आता सोपी झाली आहे. एजंट लॅपटॉप आणि अंगठ्याचं यंत्र घेऊन घरीच येतो. दोघांचे फोटो, आधारशी जुळवलेले अंगठे, आणि लीव्ह अँड लायसन्सची नोंदणी ऑनलाइन होते. वयस्कर माणसांचे ठसे यंत्र पटकन ओळखत नाही; बोट ओल्या फडक्याने पुसून घेतलं किंवा दुसरं बोट लावलं की बहुधा जमतं. मुद्रांक शुल्क मुदतीतल्या एकूण भाड्यावर, आणि परत द्यायच्या डिपॉझिटवर वर्षाला १० टक्के धरलेल्या व्याजावर, मिळून ०.२५ टक्के. २२ हजार भाडं, एक लाख डिपॉझिट आणि ११ महिने असा करार असेल तर हे शुल्क सहा-सातशे रुपयांच्या घरात जातं. शहरात नोंदणीचे १००० रुपये वेगळे.

एवढ्याशा पैशांसाठी अजूनही काही जण स्टॅम्प पेपरवर नोटरी करून मोकळे होतात. ११ महिन्यांच्या कराराला नोंदणी लागत नाही, हा समज फार खोल रुजला आहे. महाराष्ट्रात तो चुकीचा आहे. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ च्या कलम ५५ नुसार करार लेखी आणि नोंदणीकृत हवा, मुदत कितीही असो, आणि नोंदणीची जबाबदारी घरमालकाची. नोंदणी नसेल तर अटींबद्दल भाडेकरू सांगेल तेच, उलट सिद्ध होईपर्यंत, खरं धरलं जातं. मालकाला तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा ५००० रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकतात. नोंदणी असेल तर कलम २४ पाठीशी उभं राहतं: मुदत संपूनही घर सोडलं नाही, तर सक्षम प्राधिकाऱ्याकडे अर्ज करता येतो आणि तोवरच्या काळासाठी दुप्पट शुल्काची भरपाई मागता येते. १९४७ च्या जुन्या कायद्यात भाडी गोठली आणि घरं अडकली, त्या धास्तीने पुण्या-मुंबईत कित्येकांनी फ्लॅट कुलपात ठेवले. आज ती धास्ती धरण्याचं कारण नाही, फक्त कागद पुरा हवा.

पैशांचा हिशोबही कागदावरच करावा. वर धरलेल्या २२ हजारांतून सोसायटीचा मेन्टेनन्स जातो. त्यात भाड्याच्या घरासाठीचं बिनभोगवटा शुल्कही येतं. ते सेवाशुल्काच्या १० टक्क्यांपेक्षा जास्त लावता येत नाही, हे सोसायटीला नम्रपणे दाखवून द्यावं. पुण्यात स्वतः राहणाऱ्याला मिळकतकरात मिळणारी ४० टक्क्यांची सवलत भाड्याने दिलेल्या घराला मिळत नाही. शिवाय ब्रोकरेज आणि मधला रिकामा महिना. आयकरात भरलेला मिळकतकर वजा करून उरलेल्या भाड्याच्या ३० टक्के सरसकट वजावट मिळते, दुरुस्तीची बिलं न दाखवता. एवढं सगळं मांडल्यावर जो आकडा उरतो, तो बघून मगच दुसऱ्या फ्लॅटचं कर्ज काढायचं की नाही ते ठरवावं. ब्रोकर सांगतो तो आकडा यातलं काहीच वजा न करता सांगितलेला असतो.

भाडेकरू निवडताना मी नोकरीचा कागद बघते आणि आधीच्या घरमालकाला फोन करते. पोलिसांकडे भाडेकरूची माहिती ऑनलाइन भरते. आडनाव, जेवण, लग्न झालंय की नाही, यावरून घर नाकारणं मला अन्यायाचं वाटतं, आणि अशी चाळणी लावून भाडं वेळेवर येतं असं मी कुठे पाहिलेलं नाही. आमच्याकडे राहिलेल्या, रात्रपाळी करणाऱ्या नर्स मुलींना दोन सोसायट्यांनी ‘बॅचलर नकोत’ म्हणून परत पाठवलं होतं. त्या गेल्या तेव्हा स्वयंपाकघराचा ओटा मी दिला होता त्याहून स्वच्छ होता.

शेवटची विनंती डिपॉझिटबद्दल. ती रक्कम खर्चू नका; वेगळ्या ठेवीत ठेवा आणि करार संपण्याच्या आठवड्यात मोडता येईल अशी ठेवा. घर सोडण्याच्या दिवशी यादी घेऊन दोघांनी मिळून फिरा, शेवटच्या वीजबिलापुरते पैसे ठरवून बाजूला काढा, आणि बाकीचे त्याच दिवशी, चाव्या हातात घेतानाच भाडेकरूच्या खात्यात भरा. पुढच्या घराचं डिपॉझिट त्याला त्यातूनच भरायचं असतं.